काचेखालचे बिऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे आणि मला एका जागी बसवत नाही. काचेवर कागद आला की माझ्या पोटातला दिवा पेटतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो. तेवढेच माझे फिरणे. पण ते थांबले की माझा जीव घुसमटतो. म्हणून ही गोष्टही मी जरा घाईनेच सांगणार आहे, सांभाळून घ्या.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. खोके उघडले तेव्हा मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात होतो. तिथे यंत्रांच्या सुट्या भागांची मोठमोठी ड्रॉइंग माझ्यावर यायची. मी एक रेघ सोडत नसे. "ह्यो गडी लई भारी हाय," असे साहेबसुद्धा म्हणायचे आणि मी फुगून जायचो. मग एक दिवस छापणे, झेरॉक्स, स्कॅन सगळे एकट्याने करणारे नवे, सडपातळ यंत्र आले. प्रवासात दिवा आपटू नये म्हणून माझ्या तळाला एक कळ असते, ती फिरवून माझा दिवा जागच्या जागी अडकवून टाकला आणि मला जुना माल विकणाऱ्या ज्ञानूच्या दुकानात पाठवून दिले.

तिथे मी टेबलाखाली पडलो. कोणी माझ्यावर हेल्मेट ठेवी, कोणी चहाचा कप. ती कळ सोडायचे मात्र कोणाला सुचले नाही. चहाचे ओघळ माझ्या फटीत वाळले आणि त्या गोडीने काळ्या मुंग्या आत शिरल्या. काचेखाली त्यांनी बिऱ्हाड केले. मला गुदगुल्या व्हायच्या, राग यायचा. पण खरे सांगू? त्यांच्याशिवाय तिथे माझी विचारपूस करायला कोणी येत नव्हते.

एका पावसाळ्यात सम्मेद नावाचा तरुण दुकानात आला. "जाड स्कॅनर पायजे. जुनाच," तो म्हणाला. जुना हवा म्हणणारा माणूस ज्ञानूने जन्मात पाहिला नसावा. त्याने मला ओढून बाहेर काढले, बाहीने पुसले आणि म्हणाला, "न्या पावणं बिनघोर. चालू कंडिशन हाय." मला मनातल्या मनात नाचावेसे वाटले.

सम्मेदचे घर कसबा बावड्याला. घरात त्याची आई विजयमाला आणि बायको आदिती. मला टेबलावर ठेवायच्या आधीच विजयमालाबाई एक फ्रेम छातीशी धरून उभ्या होत्या. आत एक छोटा फोटो होता: एक तरुण बाई आणि तिच्या मांडीवर तान्ही मुलगी. बाई म्हणजे विजयमालाबाईंची आई, त्यांच्या भाषेत अव्वा. मांडीवरची मुलगी त्या स्वतः. ती चालायला लागायच्या आतच अव्वा गेली होती. गारगोटीच्या बाजारात काढलेला हा एवढा एकच फोटो उरला होता.

तो फोटो ओल लागून फ्रेमच्या काचेला चिकटला होता आणि एका कडेने पांढरी बुरशी अव्वाच्या चेहऱ्याकडे सरकत होती. मोबाइलने काढून पाहिला तर काचेत ट्यूबलाइट आणि काढणाऱ्याचा हातच दिसे. फोटोवाल्याने सांगितले होते, "काच वडू नका, फोटो फाटंल. नव्या पातळ स्कॅनरला काचेपलीकडचं नीट दिसत न्हाय. जुना जाड गावला तर काचेसकट निघंल. माझा होता, भंगारात घातला." मित्रांनो, जाड असण्याचे एवढे कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आदिती मला जोडायला बसली. माझी चौकोनी तोंडाची वायर घरच्या कॉम्प्युटरला लागली, पण तो नव्या पिढीचा, त्याला मी ओळखूच येईना. माझ्या कंपनीने मला केव्हाच वाऱ्यावर सोडले होते. आदितीने इंटरनेट धुंडाळून माझ्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी कोणी तरी बनवलेला एक छोटा प्रोग्रॅम शोधला. तो टाकला आणि पडद्यावर माझे नाव उमटले.

"गावला!" सम्मेद ओरडला. विजयमालाबाई मात्र खुर्चीवर टेकायलाही तयार नव्हत्या. "लवकर कर गं आदिती. बुरशी पार हनुवटीपर्यंत आलीया बघ. ओठ हायत तवर घे. अव्वा जरा हसतीया त्यात."

आदितीने आधी रिकामेच चालवून बघायला बटन दाबले. मी सगळा जोर लावला, पण दिवा अडकलेला. करकर असा भयंकर आवाज निघाला. सम्मेद कारखान्यात काम करणारा, त्याने मला उचलून तळ पाहिला आणि ती कळ सोडली. किती वर्षांनी माझे पाय मोकळे झाले! दिवा लखलखला. आता निघणार, तेवढ्यात काचेवर वाकलेल्या विजयमालाबाई किंचाळल्या, "बंद कर! आधी बंद कर!"

आदितीने वायरच उपटली.

काचेखाली मुंग्या सैरावैरा धावत होत्या. प्रत्येकीच्या तोंडात पांढरे अंडे. दिवा पुढे सरकला असता तर सगळ्यांचा चेंदामेंदा झाला असता.

"आई, मुंग्या हायत त्या," सम्मेद म्हणाला. "कारखान्यात नेऊन हवेचा पाइप मारतो, दोन मिनटांत साफ."

"अंडी हायत त्यांच्यापाशी. पाइप मारल्यावर कुटं जातील?"

"इकडं तुझी अव्वा पुसत चाललीया आन् तू मुंग्यांची बाळंतपणं कर!"

विजयमालाबाईंचा चेहरा पडला. पण त्या म्हणाल्या, "चातुर्मास चाललाय सम्मेद. चातुर्मास नसता तरी मी हेच म्हणलं असतं. त्या आपणहून उठू देत. मग लाव."

या जैन घरात चूल पेटवण्याआधीसुद्धा जीवजंतू पाहून घेत, तिथे माझे काय चालणार! पण मी रागाने धुमसत होतो. इतकी वर्षे बांधून पडलो, आता कुठे सुटलो, आणि पुन्हा थांबायचे? तेही या चिमूटभर भाडेकरूंसाठी?

मुंग्यांना बाहेर बोलवायला विजयमालाबाईंनी माझ्याशेजारी बशीत साखर ठेवली. बावड्यात साखर कारखानाच आहे, इथल्या घरात साखरेला काय तोटा! झाले भलतेच. आतल्या मुंग्या बाहेर आल्या, साखर उचलून पुन्हा आत घेऊन गेल्या. भिंतीतल्या मुंग्यांनाही खबर लागली. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटात दुप्पट गर्दी आणि भरलेले कोठार. आदितीला हसू आवरेना. विजयमालाबाईंना मात्र रडू येत होते. त्या दर थोड्या वेळाने तांदळाच्या डब्यात कोरडी ठेवलेली फ्रेम काढून बघत आणि पुन्हा ठेवत. कुणी काही विचारले की खेकसत. बाहेर पाऊस हटायचे नाव घेत नव्हता. भिंतींना, कपड्यांना, सगळ्याला ओल. एका सकाळी त्या डब्याजवळ कितीतरी वेळ उभ्या राहिल्या आणि फ्रेम कोणालाही न दाखवता परत तांदळात ठेवून आत गेल्या.

शेवटी उघडीप मिळाली. आदितीने मला अंगणात उन्हात एका कडेवर उभे केले. शेजारी, सावलीत, जास्वंदीची ओल्या मातीची कुंडी ठेवली आणि माझ्या फटीपासून कुंडीपर्यंत एक सुतळी बांधली. "आई, आत तापलं की त्या गार जागा शोधतील. वाट आपण दाखवू."

मी तापू लागलो. पहिल्यांदा एक मुंगी सुतळीवरून गेली, परत आली. मग रांग लागली. प्रत्येकीच्या तोंडात अंडे. विजयमालाबाई पाटावर बसून बघत होत्या. "जावा गं बायांनो, जावा लवकर," असे त्या पुटपुटत होत्या. मित्रांनो, माझा राग कुठे गेला कोण जाणे. शेवटची मुंगी उतरली तेव्हा मला अगदी रिकामे रिकामे वाटले.

आदितीने बॅटरी लावून काचेखाली नीट पाहिले. मग फ्रेम माझ्यावर पालथी ठेवली. झाकण बसेना, म्हणून वर काळी शाल पांघरली. बटन दाबले आणि मी निघालो. आयुष्यात इतक्या जपून मी कधी चाललो नव्हतो. पडद्यावर वरून एकेक ओळ उतरू लागली. डोक्यावरचा पदर. कपाळ. डोळे, अगदी जिवंत. नाक.

त्याखाली पांढरे. ओठ गेले होते. हनुवटी गेली होती. खाली मांडीवरची मुलगी जशीच्या तशी होती आणि वर बघत होती, जिथे आता हसू नव्हते.

"त्या दिवशीच लावला असता तर..." सम्मेद बोलून गेला.

विजयमालाबाई पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. आदिती त्यांच्याजवळ बसली. "आई, चुकलं का हो आपलं?"

"न्हाय," त्या रडता रडताच म्हणाल्या. "उद्या परत मुंग्या दिसल्या तर उद्या बी बटन दाबू देणार न्हाय मी. पण म्हणून रडायचं बी न्हाय व्हय?"

सम्मेदने आईच्या पाठीवर हात ठेवला. आदितीने दोन्ही डोळे आणि ती वर बघणारी मुलगी असलेले ते चित्र जपून ठेवले. मी नुसता गरम होऊन बसलो होतो. रेघन्‌रेघ टिपणारा मी, पण जे उरलेच नव्हते ते कुठून आणणार?

मित्रांनो, आता मी या घरात राहतो. माझ्यावर स्वच्छ कापड असते आणि कोणी चहाचा कप ठेवत नाही. तरी पावसाळा आला की मला चैन पडत नाही. किती घरांत, किती भिंतींवर असे फोटो काचेला चिकटून बसले असतील! आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना अडगळीत टाकू नका, झाकून ठेवा, अधूनमधून चालवा, म्हणजे आमच्यात कोणाला बिऱ्हाड करावे लागणार नाही. आणि घरातला तो जुना फोटो आज, आत्ता, खाली उतरवून बघा. त्यातले कोणी हसत असेल, तर ते हसू दिसते आहे तोवर बघा.