किती वर्षं ठेवणार?

कॉरीन शोरूमचं काचेचं दार ढकलून आत आली, तेव्हा वेन्डेल निएमी एका म्हाताऱ्या जोडप्याला गाडीची डिकी उघडून दाखवत होता. त्याचा हात तसाच वर राहिला. दोघांच्या घटस्फोटाला चार वर्षं झाली होती. डलूथसारख्या छोट्या, थंड गावात माणसं एकमेकांना टाळू शकत नाहीत. तीही कधी किराणा दुकानात दिसायची, हात हलवायची. पण त्याच्या कामाच्या जागी ती लग्न शाबूत असतानाही फारशी फिरकली नव्हती.

"तुझं आटपू दे," ती म्हणाली. "मला गाडी घ्यायचीय. दुसऱ्या कुणाकडून घेतली तर फसेन."

"आणि माझ्याकडून नाही फसणार?"

"फसेन. पण कशी फसले ते मला कळेल तरी."

म्हातारं जोडपं गेल्यावर दोघं त्याच्या टेबलाशी बसली. तिच्या मनात दोन गाड्या होत्या. एक छोटी, निळी. ती सगळ्यांनाच हवी असायची, म्हणून तिच्यावर कंपनी दमडी सोडत नव्हती. दुसरी करडी, लांबलचक, ऐसपैस. पुढच्या वर्षापासून कंपनी ती बनवणंच बंद करणार होती. म्हणून तिच्यावर तीन हजार डॉलरची सूट होती, तीसुद्धा महिनाअखेरपर्यंत. म्हणजे आजच्या दिवसापर्यंत.

"सूट बघून भुलू नकोस," वेन्डेल म्हणाला. "बंद झालेलं मॉडेल बाजारात कुणी विचारत नाही. तीन वर्षांनी विकायला काढलीस तर वाचवलेले तीन हजार जातील आणि वर आणखी जातील. निळीला रीसेलला भाव आहे."

"आणि दहा वर्षं वापरली तर?"

"तोवर दोन्ही सारख्याच भंगार. मग सूट पदरात पाडलेली बरी. म्हणून तर विचारतो, किती वर्षं ठेवणार?"

हा प्रश्न तो येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचा. उत्तराकडे त्याचं कधी लक्षही नसायचं.

"मी टूसॉनला चाललेय," कॉरीन म्हणाली. "तिथल्या हॉस्पिटलात काम मिळालंय. बहीण आहेच. इथलं घर विकायला काढलंय."

वेन्डेलने पेन खाली ठेवलं. भाड्याच्या घरात त्याने चार वर्षांत पडदेसुद्धा लावले नव्हते. कुणी विचारलं तर म्हणायचा, वेळ कुठे मिळतो. खरं तर त्याला वाटायचं, इथे काय कायमचं राहायचंय? कधीतरी एखाद्या रविवारी कॉरीन म्हणेल, की पुरे झालं आता, ये घरी. ती म्हणेल याला काही आधार नव्हता. तरी तो थांबला होता.

"निळीच घे," तो म्हणाला. आवाज जरा चढला होता. "तिकडचा वाळवंटी उन्हाळा सोपा नाही. दोन-तीन वर्षांत मन बदललं, परत यावंसं वाटलं, तर विकून मोकळी होशील. पैसे अडकणार नाहीत."

"वेन्डेल, तू गाडीबद्दलच बोलतोयस ना?"

"मग आणखी कशाबद्दल?"

तिने बाहेर उभ्या गाड्यांकडे बोट केलं. "मला करडी हवी," ती म्हणाली. "विकण्यासाठी नाही घेत मी. भाव सांग."

त्याने भाव सांगितला. ती हसली. "आता उठून मॅनेजरकडे जाशील. मासे कुठे गावताहेत यावर गप्पा माराल, आणि भांडून आल्यासारखा चेहरा करून बाहेर येशील. जा ना. मी थांबते."

या युक्त्या त्यानेच तिला जेवताना सांगितल्या होत्या. जेवायला वेळेवर घरी पोचायचा, त्या काळात.

लाइल, त्याचा मॅनेजर, खरोखरच माशांबद्दल बोलायला लागला. वेन्डेलने त्याला मधेच तोडलं. "करडीचा भाव आणखी उतरव. माझं कमिशन धरू नकोस."

"डोकं फिरलंय का तुझं? कोण आहे ती?"

"बायको," वेन्डेल म्हणाला, आणि चूक दुरुस्त न करताच बाहेर आला.

टेबलाशी येईपर्यंत एक विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला. कागद सोमवारी करू म्हणावं. सूट हातची जाईल, ती चिडेल, पण पुन्हा यावं तर लागेलच तिला. तिने मान वर करून बघितलं, आणि त्याला तसं बोलवेना. त्याने कागद पुढे केले.

तिची जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये गेली. किल्ली देताना तो करडीच्या दाराशी वाकून उभा राहिला. दिव्यांची बटणं, मागची काच, तिला आधीच माहीत असलेलं सगळं दाखवत बसला.

"टूसॉनमध्येही गाड्या विकतात, वेन्डेल," ती स्टिअरिंग धरून समोर बघत म्हणाली.

"तिकडे काय विकणार? ना बर्फ, ना तो वितळवायला रस्त्यावर मीठ. गाड्या गंजतच नाहीत. नवी कोण घेईल?"

ती हसली. मग जरा जास्तच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिने दार लावून घेतलं.

गाडी उतारावरून गावाखालच्या सरोवराच्या दिशेने वळली. ती दिसेनाशी झाल्यावर कुठे वेन्डेलला कळलं, की ती त्याला तिकडे बोलावत होती. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तेच समोर आलं, आणि त्याने गिऱ्हाइकाला देतात तसं उत्तर दिलं. तो रस्त्यापर्यंत धावत गेला. रस्त्यावर दुसऱ्याच गाड्या होत्या.

नाताळाच्या आधी एका रविवारी त्याने तिला टूसॉनला फोन केला. गाडी कशी चालतेय, विचारलं. झकास, ती म्हणाली. बहिणीला घेऊन डोंगरात जाऊन आले. तिच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता, बहीण कशासाठी तरी हाक मारत होती.

"बोल ना," कॉरीन म्हणाली. "ऐकतेय मी."

वेन्डेलने खुर्ची ओढली आणि बसला.