एका बैठकीत वाचलेली कादंबरी

दिवाळी अंकात दरवर्षी माझा एक लेख असतो, यंदा मी काय वाचलं त्यावर. खरं सांगायचं तर यंदा मी सोसायटीच्या नोटिसा वाचल्या, औषधांच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि माझ्याच नव्या कादंबरीवरची परीक्षणं वाचली. परीक्षणं दोनदोनदा. पण कादंबरीकार बाईने असं छापायचं नसतं. मग ओळखीच्यांची पुस्तकं काढायची, मलपृष्ठ बघायचं, शेवटचं पान चाळायचं आणि ठोकून द्यायचं. माझ्यावर लोक लिहितात ते मात्र मनापासून, असं मी धरून चालते.

यंदा सत्यजीतची पाचशे पानांची कादंबरी होती. सत्यजीत दोन पुरस्कार समित्यांवर आहे, त्यामुळे मी लिहिलं, 'एका बैठकीत वाचली, पान न पान.'

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर इझिकेलभाऊ राहतात. रसायनीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासायचं काम केलेला माणूस. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, ते कसलंच काम करत नाहीत, फक्त वाचतात, आणि रविवारी दहाला माझ्याकडे चहाला येऊन मत सांगतात. मी लेखात कौतुक केलेलं प्रत्येक पुस्तक विकत घेऊन वाचणारा पनवेलमधला हा एकमेव इसम. जूनमध्ये माझी कादंबरी मी स्वतः त्यांच्या हातात दिली होती. पाच महिने झाले, अवाक्षर नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही, पण दर रविवारी मी चांगले कप काढत होते. सात परीक्षणांपेक्षा मला त्यांचा एक शब्द हवा होता.

परवाच्या रविवारी ते हातात पुस्तक घेऊन आले. मी लगबगीने चांगले कप मांडले. पुस्तक सत्यजीतचं निघालं.

त्यांनी ते उघडून दाखवलं. एकशे शहात्तर पानानंतर पुन्हा एकशे एकसष्ट, मग पुन्हा एकशे शहात्तर आणि तिथून थेट एकशे त्र्याण्णव. बांधणीवाल्याने सोळा पानांचा एक फॉर्म दोनदा लावला होता आणि पुढचा गाळला होता. भाऊंनी दुकानात जाऊन आणखी पाच प्रती तपासल्या होत्या, सगळ्या तशाच. एकशे शहात्तरवर नायिका कुमारिका होती, एकशे त्र्याण्णववर विधवा.

"ताई, तुम्ही पान न पान वाचलंय," ते म्हणाले. "मधे काय होतं?"

मी म्हटलं, लग्न साधंच, घरातल्या घरात. नवरा हार्ट अटॅकने जातो. त्यांनी शांतपणे दोनशे चाळीसावं पान काढलं. तिथे नवरा आपटा गावाजवळ पाताळगंगा नदीत बुडाला होता. मी म्हटलं, अटॅक पाण्यातच आला. सांगताना मलाच माझी कीव आली.

मी आत जाऊन सत्यजीतला फोन लावला. पठ्ठ्याला स्वतःलाच पत्ता नव्हता. छापून आलेलं पुस्तक त्याने उघडलंच नव्हतं. त्याच्या पुस्तकावर नऊ परीक्षणं आली, एक पुरस्कार मिळाला, कुणी चकार शब्द काढला नाही. उलट एका समीक्षकाने, नायिकेचं लग्न आणि वैधव्य वाचकावर सोडण्याच्या धाडसाबद्दल त्याला शाबासकी दिली होती. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत गप्प राहा, असं त्याने मला बजावलं.

"तुमच्या कादंबरीबद्दल मी कधी काही बोललो का?" तो वर म्हणाला.

याचा अर्थ मी त्याला विचारला नाही. बाहेर येऊन भाऊंना सांगून टाकलं की मी ही कादंबरी वाचलेली नाही, गेल्या वर्षीची पुस्तकंही नाहीत, आणि आमच्यात बहुतेक सगळे असंच लिहितात. मला लाज वाटत होती. आता ते उठून जाणार आणि माझा एकुलता एक वाचक जाणार, याची भीती त्याहून जास्त होती.

ते उठले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे तुमच्या कादंबरीवरही असंच लिहिलंय?"

"असेल," मी म्हटलं.

"ताई, मी ती तीनदा वाचली. मला मुळीच आवडली नाही. पण इतकी मोठी माणसं चांगली म्हणतायत म्हटल्यावर वाटलं, वय झालं, आपलंच डोकं चालेनासं झालं."

आणि त्यांनी तिथेच मुलीला, ओर्लीला, फोन लावून मेंदूच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ रद्द करायला सांगितली.