कंपनबाबा आणि पाण्याचा ग्लास

"मला टोपी घालणारा अजून जन्माला यायचाय," असं म्हणून भावजींनी टॅक्सी कंपनबाबांच्या रांगेत लावली.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. या टॅक्सीवरच त्यांचं घर चालतं. मैदानात ही गर्दी, खोकणाऱ्या, कण्हणाऱ्या गाड्यांची ही रांग, आणि मधोमध बाबा.

"गाडी थरथरते म्हणजे काय? तिचा आत्मा कुडकुडतो," बाबा सांगत होते. "गॅरेजवाला बोल्ट फिरवतो, मी ग्रह फिरवतो."

आमचा नंबर आला. बाबांनी बॉनेट उघडून चालू इंजिनावर पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला. पाणी थयथय नाचत होतं. त्यांचा एक शिष्य ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसला. बाबांनी हात वर केला.

"टाळ्या वाजवा. जोरात."

टाळ्यांनी कानठळ्या बसल्या. ग्लासातलं पाणी हळूहळू निवांत झालं. भावजींच्या डोळ्यांतलं मात्र वाहायला लागलं.

खरं निदान मेकॅनिकनं आदल्या दिवशीच केलं होतं. इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाला डॅम्पर असतो. लोखंडाचे दोन भाग, मध्ये रबर. इंजिनाचे हिसके ते रबर गिळतं. आमचं रबर फाटलं होतं आणि बाहेरचं कडं डुलत होतं.

"बदलून टाका," तो म्हणाला होता. "कडं निखळलं तर पट्टा जाईल, पट्ट्याबरोबर पाण्याचा पंप, आणि मग इंजिन."

"खर्च?"

"पंधरवड्याची कमाई धरा. वस्तूपेक्षा मेहनत जास्त. पंखा काढा, पट्टा काढा. मधला बोल्ट दोघं पान्याला लोंबकळल्याशिवाय सुटत नाही. मग पुलर लावून डॅम्पर हळूहळू ओढून काढायचा. घाईत हातोडा मारला की क्रँकच गेला."

"आणि बोल्ट नाहीच सुटला तर?"

"तर दुसऱ्या दिवशी परत लोंबकळायचं."

एवढी कटकट बाबा एका ग्लासात उरकत होते.

आता आमच्याबरोबर आलेली माझी ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. गाडीत बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे ती बघतच नाही, पायांकडे बघते. धंद्याची सवय.

"अहो," ती भावजींना म्हणाली, "याचा पाय ॲक्सिलरेटरवर आहे."

"समाधीत असेल."

"अर्धी समाधी दाबलीय त्यानं. इंजिन मंद चालतं तेव्हा जास्त हादरतं. जरा रेस केलं की हादरे कमी होतात. वाढलेला आवाज ऐकू येऊ नये म्हणून या टाळ्या." मग ती खिडकीपाशी गेली आणि शिकाऊ पोरांना दरडावते तशी म्हणाली, "पाय काढ."

शिष्यानं झटकन पाय काढला. पाणी पुन्हा नाचलं, ग्लास कलंडला आणि बाबांच्या धोतराचा सोगा भिजला.

बाबांनी सोगा पिळला.

"पाय त्याचा," ते म्हणाले, "दाब माझा."

टाळ्या पडल्या. या वेळी कुणी सांगितलंही नव्हतं.

"चला मेकॅनिककडे," ताई म्हणाली.

"तुझं आपलं काहीतरीच," भावजी म्हणाले. "पायानं म्हण, नाहीतर हातानं म्हण. पाणी थांबलं की नाही?"

"मग काय, प्रत्येक सिग्नलला रेस करत उभे राहणार?"

"राहीन."

आणि त्यांनी तिथूनच मेकॅनिकला फोन करून सांगितलं, गाडी बरी झाली.

मंडळी, फाटलेलं रबर कुणाची श्रद्धा बघत नाही. ते बदलावं लागतं, त्याला पैसे पडतात आणि घाम गाळावा लागतो. कुणी फुकटात चमत्कार दाखवला तर टाळ्या थांबवा आणि त्याचा पाय कुठे आहे ते बघा. मी हे सगळीकडे सांगत फिरतो. लोक ऐकून घेतात, आणि मग बाबांचा पत्ता विचारतात.

पुढच्याच आठवड्यात चढावर कडं निखळलं. पट्टा गेला, पंप थांबला, इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. भावजींनी दिव्याला हात जोडले आणि गाडी तशीच पुढे दामटली. इंजिन जाम झालं. मेकॅनिक म्हणतो, आता डॅम्पर बदलायची गरज नाही.