टाकीने धरलेला डूख

मित्रांनो, माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. मी माशांची एक जुनी काचेची टाकी आहे, सोलापुरातल्या एका घराच्या बाहेरच्या खोलीत असते, आणि माझ्या पोटात पाण्यापेक्षा राग जास्त आहे.

सिद्धप्पा काचवाल्याने पाच काचा चिकटवून मला जन्म दिला. दोन दिवस पाणी भरून त्याने मला तपासले, एक थेंब गळला नाही. तिथून महेश्वरीने मला घरी आणले. ती या घरची धाकटी सून, माहेर दुधनीचे. तिने माझ्यात लाल, निळ्या, पिवळ्या गप्पी सोडल्या आणि एक काळी मोली. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात. पण आईच आपली पिल्ले गिळते, म्हणून पिल्ले झाली की महेश्वरी त्यांना पाण्यातच टांगलेल्या एका प्लास्टिकच्या चाळणीत वेगळे ठेवायची. "बा, बा," म्हणजे 'ये, ये', अशी कानडीत हाक मारली की सगळे मासे काचेपाशी धावत. गल्लीतल्या बायका म्हणत, "हिच्या हाताला लई गुण हाय." ते ऐकून मीही फुगत असे.

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो. नळ आला की घरोघरी घागरी, पिंप घासायचे, उरलेले शिळे पाणी ओतून द्यायचे आणि ताजे भरायचे, हा इथला रिवाज. महेश्वरी मात्र माझ्यातले थोडेच पाणी बदलायची. तेही आदल्या दिवशी बादलीत उघडे ठेवलेले.

एकदा वडील आजारी पडले म्हणून ती माहेरी गेली. काळ्या मोलीचे पोट टम्म फुगले होते, पिल्ले आज-उद्या होणार होती. नेमका त्याच दिवशी नळ आला. तिचे थोरले दीर शरणबसव यांना माझ्यातले शिळे पाणी खुपले. त्यांनी मला पार रिकामे केले, घासले आणि नळाची पाइप थेट आत सोडली. पाण्याला जंतू मारायच्या औषधाचा वास येत होता. माणसांना ते औषध चालते, माशांचे कल्ले मात्र त्याने भाजतात. दुपारपर्यंत सव्वीस मासे वर तरंगले. मोली सर्वांत शेवटी गेली.

महेश्वरी परतली तेव्हा भावजी शांतपणे म्हणाले, "जाताना मूठभर खाणं टाकून गेलीस की. त्यानंच मेले."

तिने खरेच चिमूटभर जास्त टाकले होते. त्यामुळे तिला ते पटले. मला वाचा असती तर मी त्यांच्या तोंडावर ओरडले असते! त्या दिवसापासून कोणी मासे देऊ केले की ती म्हणायची, "नको. माझ्या हाताला यश न्हाय."

दोन वर्षे मी गच्चीवर उन्हात पडून होते. माझ्यात वाळक्या मिरच्या ठेवल्या. मी डूख धरून बसले.

मग भावजींना पाहुण्यांत मिरवायची हौस आली. त्यांनी मला खाली आणून खिडकीत ठेवले आणि अकरा गप्पी आणल्या. महेश्वरी माझ्याकडे फिरकतही नसे. मी ठरवले, या माणसाला तिच्या देखत मला पुन्हा धुवायला लावायचे. खिडकीतले ऊन मी अधाशासारखे प्यायले आणि काचांवर शेवाळ धरले. आठ दिवसांत हिरवीगार झाले. त्या अकरा जिवांचे काय होईल, याची मला पर्वा नव्हती. हो, इतकी दुष्ट झाले होते मी.

सासूबाई चन्नम्मा कावल्या, "शरणू, ती घाण आधी काढ बघू!"

नळ आला होता. महेश्वरी तिथेच घागरी भरत होती. भावजींनी मासे बादलीत काढले, मला रिकामे करून घासले आणि पाइप आत सोडत फुशारकी मारली, "आता बघ कशी आरशासारखी होते. मागच्या टायमाला बी मीच धुतली हुती."

"मागच्या टायमाला म्हंजे कवा, भावजी?"

"तू दुधनीला गेलतीस की तवा..." आणि ते थांबले.

महेश्वरीने पाइप ओढून घेतली. त्याच धारेखाली तिने एक पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

"प्या."

भावजींनी पेला तोंडाजवळ नेला, नाक मुरडले. "औषधाचा वास मारतोय. जरा वेळ राहू दे, मग पितो की."

"माझ्या मोलीला तेवढा वेळ दिला न्हाय तुमी," ती म्हणाली. "आणि दोन वर्सं मला माझ्याच हाताची भीती घातली."

चन्नम्मा लेकाकडे बघत राहिल्या. भावजींची मान खाली गेली. महेश्वरीने अकराही गप्पी बादलीतल्या जुन्या पाण्यातच ठेवून वाचवल्या. माझ्या सुडापेक्षा ती मोठी निघाली, हे कबूल करते.

मित्रांनो, मासे पाळा, पण सगळे पाणी एकदम बदलू नका आणि नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवल्याशिवाय घालू नका. चूक झालीच तर त्याच दिवशी सांगून टाका. मासे मेले, ते अज्ञानाने. त्याची मी भावजींना कधीच माफी दिली असती. पण ते खापर त्यांनी तिच्या डोक्यावर फोडले. आता रोज सकाळी विभूती लावून माझ्यापुढून जाताना ते मान फिरवतात. तेवढ्याने माझे समाधान व्हायला हवे. खोटे कशाला बोलू, होत नाही.