पुलावरचं फडकं

वाकीनं कोयत्याची बोथट बाजू क्लेमेंटच्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज त्याच्या आईला, रोडाला, स्पष्ट ऐकू आला.

"अरे मुडद्या, मामेभाऊ आहे तो तुझा!" ती किंचाळली. "एका ताटात जेवलायत तुम्ही!"

"म्हणूनच धारेनं नाही मारलं, मामी."

पुलाच्या या तोंडाशी वाकीची, याच ग्वाडलकनाल बेटावरची पोरं पाइपच्या गावठी बंदुका घेऊन उभी होती. मलैता बेटावरून आलेल्यांची घरं त्यांनी कालच पेटवली. रोडाचंही गेलं. उभा जन्म या मातीत राबली बाई, नवरा याच मातीत पुरला, तरी शेवटी परकी ती परकीच! संताप येतो हो सांगताना.

"माझा बाप इथलाच ना?" क्लेमेंट कण्हत म्हणाला.

"बापाचं काय घेऊन बसलास? आमच्यात कूळ आईकडून येतं. मामाची जमीन मला आली, तुला नाही. तू आईचा. जा तिच्या माणसांत, आणि परत तोंड दाखवू नकोस."

मोडका हात छातीशी धरून क्लेमेंट आईमागून पूल चढला. अंगात दोन्ही बेटं ज्याची त्या सोलोमन देशाच्या फुटबॉल संघाचा सदरा होता, तो घामानं चिकटला होता. रोडाला एकच वाटत होतं, पलीकडे पोचलो की पोरगं वाचलं. पलीकडचं शहर मलैतावाल्यांनी धरलं होतं, तिच्या माणसांनी.

पलीकडच्या तोंडाशी मलैताचा इरोमे आपली पोरं घेऊन उभा होता. त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती. त्याचा भाऊ परवाच इथं मारला गेला होता.

"कुणाची तू, मावशी?"

रोडानं बाप, आजा, पणजा अशी नावं धडाधड म्हटली.

"आपलीच की! ये, पाणी पी. आणि हा?"

"माझा मुलगा."

"ते दिसतंय. तुझी नावं म्हण रे."

क्लेमेंटनं तीच नावं म्हटली. आईनं लहानपणी मांडीवर घेऊन हौसेनं तीच पाठ करून घेतली होती. नवऱ्याकडची एकदाही शिकवली नव्हती.

"ही मावशीची झाली. आम्ही बापावर जातो. बाप कुठला?"

खोटं बोल रे, असं रोडानं डोळ्यांनी सांगितलं. पोरगं सरळ, बापासारखंच.

"ग्वाडलकनालचा."

"मग तू तिकडचा."

"ते म्हणतात इकडचा!" क्लेमेंट ओरडला. "मी सोलोमनचा आहे! शाळेत हेच शिकवलं ना आपल्याला?"

"हे कुठलं गाव म्हणायचं?" पोरं फिदीफिदी हसली. इरोमे हसला नाही. "तुला मारलं तर खुनाची भरपाई मागायला येणार कोण? ना ते, ना आम्ही."

त्यानं कोयता मानेत घातला. क्लेमेंट गुडघ्यावर आला. दुसऱ्या घावाला आडवा झाला. रक्त फळ्यांच्या फटींतून नदीत गळायला लागलं. रोडा धावली तोवर तो तिला ओळखतही नव्हता.

ती रडली नाही. काखोटीला धरून तिनं लेकाला पुलाच्या मध्यावर ओढत नेलं. मग नेसूचं फडकं सोडलं आणि या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत पसरलं. अंगावर नुसता परकर उरला.

दोन्हीकडची पोरं चार पावलं मागे सरली. बाईचं नेसूचं ओलांडेल असा पुरुष दोन्ही बेटांवर नाही. बंदूक असली तरी नाही.

"मावशी, उचल ते!" इरोमे ओरडला.

"मामी, उचल ते!" पलीकडून वाकी ओरडला.

"आता बरे एका सुरात बोलायला लागलात, रांडेच्यांनो!" रोडानं लेकाचं डोकं मांडीवर घेतलं. "भरपाई मागायला कोण येणार म्हणालास ना? मी आलेय. तुमच्या भरपाईच्या शिंपल्यांच्या माळा नकोत, डुकरं नकोत. तू हात मोडलास, तू मान कापलीस. दोघं मिळून याला पुरायला खड्डा खणा. तोवर हे फडकं उचलणार नाही."

कुणी हललं नाही. ती लेकाच्या तोंडावरच्या माश्या वारत बसली.