बुधवारची सुट्टी

कर्मचाऱ्यांच्या पाळ्या यापुढे संगणक लावणार, असं ग्रंथपालबाईंनी सांगितलं तेव्हा अकरापैकी दहा जणांनी माना डोलावल्या. अकरावा होता पुस्तकं बांधणारा बाइंडर. त्याने फक्त हेडक्लार्कच्या तोंडाकडे पाहिलं. वीस वर्षं पाळ्यांचा तक्ता हेडक्लार्क पेन्सिलीने आखत आला होता. सुट्ट्या त्याच्या हातात, सकाळ-संध्याकाळ त्याच्या हातात. आज तेच काम काढून घेतलं तरी हा गृहस्थ हसतोय! बाइंडरच्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली. हातचं गेल्यावरही हसणारा माणूस एक तर साधू असतो, नाहीतर त्याने आपली सोय आधीच लावलेली असते. आणि हेडक्लार्क काही साधू नव्हता.

दोघांचं तसं जुनं वाकडं होतं. मागच्या वर्षी बाइंडरने हजेरीपुस्तकाला चुकून उलटा पुठ्ठा चढवला होता आणि हेडक्लार्क महिनाभर सगळ्यांसमोर ते उलटं धरून वाचून दाखवायचा.

दुसऱ्याच दिवशी संगणकवाली मॅडम आली. जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत तिने टेबल मांडलं आणि एकेकाला आत बोलावून दार लावून घेतलं. कुठली पाळी जड जाते, कुणाबरोबर काम सोपं जातं, काही खास मागणी आहे का, असे तिचे प्रश्न.

"जे सांगाल ते माझ्यापाशी राहील. ग्रंथपालबाईंनासुद्धा नावं कळणार नाहीत, फक्त नियम कळतील," ती म्हणाली.

"आम्हाला काय लपवायचंय?" बाइंडर म्हणाला. "बुधवारची सुट्टी आहे, तेवढी असू दे."

बुधवार नुसता त्याचा नव्हता. त्याची बायको त्याच ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर होती आणि नऊ वर्षं दोघांना सुट्टी एकाच दिवशी मिळत होती. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. मग बुधवारी सकाळपासून त्याचा बेत ठरलेला असायचा. माळा आवरायचा, नळ दुरुस्त करायचा, गाद्या उन्हात टाकायच्या, आणि तिने हाताखाली राहायचं.

बाइंडर आतून सहा मिनिटांत बाहेर आला. बायको पंचवीस मिनिटं आत होती. तो दारावरून दोनदा गेला, तिसऱ्यांदा हातात खळीचा डबा घेऊन गेला.

"एवढा वेळ काय विचारत होती?"

"तुम्हाला विचारलं तेच," ती म्हणाली आणि परत आलेली पुस्तकं मोजायला लागली.

तीन आठवड्यांनी पहिला नमुना तक्ता फलकावर लागला. सोळा आठवड्यांचा, लांबच लांब. सगळ्यांच्या सुट्ट्या आता फिरत्या झाल्या होत्या. बाइंडरने पहिली ओळ पाहिली. त्याचा सोमवार, बायकोचा गुरुवार. दुसरी ओळ, त्याचा बुधवार, तिचा शुक्रवार. तिसरी, चौथी. मग त्याने एक टाकाऊ पुठ्ठा घेतला, त्यावर सोळाही ओळी उतरवल्या आणि बांधणीच्या खोलीत दार लोटून बसला. पहारेकरी आणि झाडूवाली मावशी यांच्या सुट्ट्या तीनदा जुळत होत्या. हेडक्लार्क आणि नियतकालिकांचा साहाय्यक, दोनदा. नवरा-बायकोच्या मात्र एकदाही जुळत नव्हत्या. सोळापैकी एकदाही नाही!

पाणी कुठंतरी मुरत होतं. तो पुठ्ठा बगलेत मारून तडक मॅडमकडे गेला.

"हे काय आहे?"

तिने पुठ्ठा पाहिला, चष्मा सारखा केला. "सगळं नियमाप्रमाणेच लागलंय."

"म्हणजे आमच्यासाठी नियम आहे तर."

मॅडमने जीभ चावली. "एकूण चौदा नियम आहेत. कुठला कुणाचा, ते मी सांगणार नाही. तसा शब्द दिलाय सगळ्यांना."

आता शंका उरलीच नाही. दोन दिवस बाइंडर हेडक्लार्कवर डोळा ठेवून होता. हेडक्लार्क चहाला कुणाबरोबर जातो, मॅडमच्या खोलीत किती वेळा डोकावतो. एकदा हेडक्लार्कने आपण होऊन त्याला खुर्ची पुढे केली, तेव्हा तर त्याला खात्रीच पटली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

त्या संध्याकाळी घरी त्याने जाहीर केलं, "उद्या सगळ्यांसमोर जाब विचारणार आहे त्याला. उलट्या पुठ्ठ्याचा सूड उगवतोय. ग्रंथपालबाईंकडे लेखी तक्रारच करतो."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला सदरा तिने मांडीवर ठेवला.

"त्यांना काही बोलू नका," ती म्हणाली.

"का? घाबरतो काय मी?"

"त्यांनी काही केलेलं नाही. तो नियम मी सांगितलाय."

बाइंडरला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो हसला, कारण ती थट्टा करत असावी असं त्याला वाटलं. ती हसली नाही.

"तू? आपली सुट्टी एकत्र नको म्हणून?"

"हो."

"आणि कशासाठी?"

"मला एक दिवस घर रिकामं हवं होतं. एवढंच."

"रिकामं घर कशाला लागतं माणसाला?"

तिने सदरा पुन्हा उचलला. "तेच तर मला सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर तुम्हालाच सांगितलं असतं, त्या मॅडमला कशाला?"

हेडक्लार्क त्या रात्रीपुरता सुटला. पण संशय काही मोकळा बसत नाही. एक दार बंद झालं की तो दुसरं ठोठावतो. नमुन्याप्रमाणे पाळ्या सुरू झाल्या. पहिल्या गुरुवारी बायको घरी होती आणि बाइंडर कामावर. एका जुन्या शब्दकोशाच्या कण्याला टाके घालता घालता त्याचा दोरा तीनदा तुटला. रिकामं घर. कशाला? कुणासाठी? आपल्याला लाज वाटायला हवी, हे त्याला कळत होतं. तरी अकरा वाजता तो चष्मा घरी राहिला असं पहारेकऱ्याला सांगून निघाला. चष्मा त्याच्या खिशातच होता.

दाराला आतून कडी होती. त्याने वाजवलं. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, पावलं वाजली, मग कडी निघाली. बायकोचे केस मोकळे होते, गालावर हाताचा वळ उमटला होता.

तो तिला ओलांडून आत गेला. स्वयंपाकघर पाहिलं. ओट्यावर एकच कप. मागच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची ओढलेली, समोर पाय ठेवायला स्टूल. पुस्तक नाही, रेडिओ नाही, विणकाम नाही.

"कोण आलं होतं?" तो बोलून गेला.

शब्द तोंडातून सुटले आणि त्याला ते परत गिळावेसे वाटले. बायको भिंतीला टेकून उभी होती. रागावेल, रडेल असं त्याला वाटलं. तिने फक्त खिडकीकडे बोट दाखवलं.

"पलीकडच्या गच्चीवर एक माणूस सकाळपासून पत्र्याला रंग देतोय. त्याला बघत होते. मग डोळा लागला."

"आणि?"

"आणि काही नाही. नऊ वर्षांत कुणी मला हाक न मारता दोन तास गेले नव्हते."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. पलीकडे पत्रा खरोखर अर्धा हिरवा झाला होता.

"चष्मा विसरलो होतो," तो म्हणाला.

"खिशात आहे," ती म्हणाली आणि दार उघडून उभी राहिली, तो जाईपर्यंत.

पुढचे चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. बाइंडरला बोलायचं होतं, पण सुरुवात सापडत नव्हती. पाचव्या दिवशी ग्रंथपालबाईंनी तक्ता कायम करण्यासाठी सगळ्यांना वाचनकक्षात बसवलं. मॅडमने एकेक नियम नावाशिवाय वाचायला घेतला. हरकत असेल त्याने हात वर करायचा. गुडघे दुखणाऱ्याला वरच्या मजल्याची पाळी नको. संध्याकाळी एकट्या बाईला कुलूप लावायला ठेवू नये. माना डोलत होत्या.

"नियम नववा. दोन ठरावीक कर्मचाऱ्यांची साप्ताहिक सुट्टी एकाच दिवशी येऊ नये."

हेडक्लार्कने भुवई उंचावली. बाइंडरच्या कानशिलात रक्त चढलं. सगळ्यांना कळलंय असं त्याला वाटलं, आणि कदाचित कळलंही असेल. त्याने हात वर केला.

"हरकत आहे?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"नाही. नियम राहू द्या. ज्याने सांगितला त्याला गरज असेल म्हणूनच सांगितला असणार. खुलासा मागायचं कारण नाही."

मग समोरच्या ओळीतून त्याच्या बायकोचा हात वर गेला.

"महिन्यातून एक दिवस एकत्र आला तर चालेल, असं त्यात घालता येईल का?" तिने मॅडमला विचारलं, जणू दुसऱ्या कुणाची बाजू मांडत होती.

"येईल की. कोणता वार?"

बायकोने मागे वळून पाहिलं. बाइंडर पटकन म्हणाला, "कोणताही. पण गाद्या उन्हात टाकायला सांगणार नाही, हेही घाला."

सगळे हसले. काही न समजताच हसले असावेत. मॅडमने ते घातलं नाही, पण महिन्यातला एक दिवस घातला.

तक्ता कायम झाला त्याला आता बरेच महिने झाले. बायकोच्या सुट्टीच्या दिवशी अकरा वाजले की बाइंडरला अजूनही काहीतरी घरी विसरल्यासारखं होतं. तो फाटकापर्यंत जातो, पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलतो आणि परत येऊन खळ ढवळतो. संध्याकाळी तिने आपण होऊन काही सांगितलं तर ऐकतो. परवा ती म्हणाली, "आज नुसती झोपले दिवसभर."

"बरं केलंस," तो म्हणाला. विश्वास ठेवला त्याने. बहुतेक ठेवला.