पोपटी स्वेटर, पिवळी बाही

भाच्याचा फोन आला तेव्हा धाकटी दुधावर नजर ठेवून गॅसपाशी उभी होती.

"मावशी, आई सापडली!"

"अरे देवा! हरवली कधी?"

"तसं नाही गं! जुन्या फिल्ममध्ये सापडली. तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या रस्त्याची फिल्म आहे, रंगीत! त्यात आई उभी आहे आणि तिच्या कडेवर मी. पाठवलीय बघ."

एवढ्यात दूध उतू गेलं. भाचा फोनवर बोलत असला की ते जायचंच. त्याला घरात सगळे टिल्लू म्हणत. दारातून वाकून आत यावं लागतं इतका तो उंच झाला, कानापाशी पिकला, स्वतःची मुलं कॉलेजात गेली, तरी टिल्लूच.

धाकटीनं ओटा पुसला, चष्मा लावला आणि फोन घेऊन खिडकीपाशी बसली. कुणा हौशी माणसानं नवा कॅमेरा घेतला होता आणि तो चालतो का हे बघायला समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून रस्ता टिपला होता. त्याच्या नातीला माळ्यावर डबा सापडला. तिनं फिल्म साफ करून घेतली आणि इंटरनेटवर टाकली. आवाज नव्हता, पण रंग असे ताजे की कालच धुऊन वाळत घातलेत. लाल डबलडेकर बस वळणावर कलली. चष्म्याच्या दुकानावरची ती मोठ्ठी निळी डोळ्यांची पाटी! धाकटी स्वतःशीच हसली. बूटपॉलिशवाला गिऱ्हाईक नसल्यानं स्वतःचाच बूट चमकवत होता. एक बाई हातातली भाजीची पिशवी सावरत बसमागे धावली आणि बस तिला न घेताच गेली.

मग कॅमेरा सरकला आणि टपालपेटीजवळ ताई दिसली.

अंगात जिजाजींचा ढगळ कोट, बाह्या दुमडलेल्या. पायात पुरुषी चपला. कडेवर निळ्या शालीत गुंडाळलेलं बाळ. ती समोरच्या दाराकडे टक लावून बघत होती. दार एक्स्चेंजचं. शहरातले सगळे फोन तेव्हा तिथून जोडले जात, आणि जोडणाऱ्या मुलींमध्ये धाकटी होती.

धाकटीचं हसू ओठांवरच वाळलं. पुढे काय आहे हे तिला ठाऊक होतं. फक्त ते कुठे नोंदलं गेलं असेल असं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

दार उघडलं. कामाची पाळी संपलेल्या मुली घोळक्यानं बाहेर पडल्या. मधोमध पोपटी स्वेटर घातलेली एक, हसत हसत मान वळवून. तिची नजर टपालपेटीकडे गेली आणि तिथेच थांबली. चांगली थांबली. ताईनं हात वर केला. पोपटी स्वेटरवालीचं हसू विझलं, तिनं शेजारच्या मैत्रिणीचा दंड धरला, तिला आपल्या आणि टपालपेटीच्या मध्ये घेतलं आणि घोळका उलट्या दिशेला वळला. ताई टाचा उंचावून बघत राहिली. मग मध्ये बस आली.

खाली लोकांनी भरभरून लिहिलं होतं. काय शांत शहर होतं! तेव्हा माणसं माणसांना ओळखायची!

ताईनं रेडिओ दुरुस्त करणाऱ्याशी परस्पर लग्न केलं, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं असेल. "मला एकच मुलगी आहे," वडिलांनी जाहीर केलं होतं आणि ते मरेपर्यंत त्या शब्दाला जागले. ते गेल्यावरच बहिणी पुन्हा भेटल्या. पहिल्याच भेटीत, रडून झाल्यावर, ताईनं विचारलं होतं, "त्या दिवशी मी एक्स्चेंजबाहेर उभी होते. तू पाहिलंस मला?"

"कुठल्या दिवशी?" धाकटी म्हणाली होती.

दोन शब्दांचं खोटं, पण इतकं चोख वठलं की ताईनं सुस्कारा सोडून तिला पोटाशी धरलं. त्यानंतर बहिणींनी सगळं एकत्र निभावलं. आजारपणं, मुलांची लग्नं, जिजाजींचं जाणं. हळूहळू धाकटीलाही वाटू लागलं होतं की आपण खरंच पाहिलं नसेल. माणूस स्वतःशी इतकं गोड बोलू शकतो!

तिनं टिल्लूला फोन लावला. "अरे, ताईला लगेच दाखवू नकोस. बीपी वाढतं तिचं. जिजाजींचा कोट बघून कासावीस होईल."

"उलट खूश होईल! रविवारी मोठ्या टीव्हीवर लावतो. तू जेवायलाच ये."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःची किळस आली. आजही, या वयात, जिजाजींचा कोट पुढे करून आपण लपतोय.

रविवारी ती ताटातला भात नुसता चिवडत बसली. ताई मात्र रंगात होती. "एवढी काय मी सिनेमानटी! लाव रे बाबा, बघू दे कशी दिसत होते." टिल्लूनं फिल्म लावली. निळी पाटी येताच ताईनं टाळी वाजवली. "अगं चिमे, हा तो डोळेवाला! रात्रीची त्याच्याकडे बघायला घाबरायचीस तू!"

मग ताई दिसली. टिल्लूनं चित्र थांबवलं. ताई उठून पडद्यापाशी गेली, कोटाच्या बाहीवर तिनं बोट ठेवलं आणि दुमडीवरून हळूहळू फिरवत राहिली.

"आणि हे गाठोडं म्हणजे तू," ती शेवटी टिल्लूला म्हणाली. "सारखा शी करायचास."

सगळे हसले. धाकटी सर्वांत मोठ्यानं हसली आणि त्याच झपाट्यात म्हणाली, "झालं ना बघून? बंद कर आता, चहा ठेव."

"अजून आहे मावशी, थोडंच." त्यानं फिल्म पुढे सोडली. दार उघडलं. धाकटी बोलत सुटली. बसचे रंग कसे बदलले, कंडक्टर कसे खेकसायचे, वाटेल ते. ताई अजून पडद्यासमोरच उभी होती.

"थांब," ताई म्हणाली. "मागे घे."

"किती मागे?"

"त्या मुली बाहेर पडतात तिथवर. तो पोपटी स्वेटर बघ. त्याची डावी बाही पिवळी आहे. लोकर पुरली नव्हती मला."

"म्हणजे ती मावशी? अरे वा!" टिल्लूला आनंद आवरेना. "दोघी एकाच फिल्ममध्ये!" त्यानं हौसेनं मागे घेतलं आणि सावकाश चालवलं. नजर थांबली. हात वर झाला. घोळका वळला. टिल्लूचा चेहरा उतरत गेला. त्यानं पुन्हा थोडं मागे घेतलं, हसू विझलं तिथं चित्र थांबवलं आणि तो चहा टाकायला आत गेला.

ताई खुर्चीत बसली.

"कुठल्या दिवशी, म्हणाली होतीस."

"हो."

"बाबांना घाबरलीस?"

आयतीच पळवाट होती. दार ताईनंच उघडून दिलं होतं. "हो गं," धाकटी म्हणाली. "घरी कुणी जाऊन सांगितलं असतं तर..."

"पुरे." ताईचा आवाज चढला नाही. "घाबरलीस की तू खालचा ओठ आत घेतेस. मी तुला लहानाचं मोठं केलंय. हा घाबरलेला चेहरा नाही."

चित्र तिथंच थांबलं होतं. पोपटी स्वेटरमधली मुलगी दोघींकडे बघत होती.

"लाज वाटली," धाकटी म्हणाली. "मैत्रिणींना मी सांगितलं होतं की मी एकुलती एक. त्यातल्या एकीच्या भावाशी माझं जमवायचं चाललं होतं. आणि तू तो कोट घालून, त्या चपला घालून... मला वाटलं, ही आता सगळ्यांसमोर मला चिमे म्हणून हाक मारेल."

"हाक मारणारच होते," ताई म्हणाली. "मला फक्त विचारायचं होतं, बाबा घरी नसतात ती वेळ कुठली. आईला बाळ दाखवायचं होतं. ती अंथरुणाला खिळलीय असं कानावर आलं होतं."

आई त्याच हिवाळ्यात गेली, हे दोघींनाही सांगायची गरज नव्हती.

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज झाला आणि लगेच थांबला.

"त्यानंतर मी घराकडे आलेच नाही," ताई म्हणाली. "म्हटलं, चिमीनं पाहिलं नाही, म्हणजे नशिबातच नाही. पाहून वळली असं कळलं असतं ना, तर रागाच्या भरात सरळ दार वाजवलं असतं मी. आईपर्यंत पोचले असते."

हे धाकटीला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिनं आपल्या पापाचं वजन एका नजरेएवढं धरलं होतं.

"जा तू आता," ताई म्हणाली.

टिल्लू जिन्यापर्यंत सोडायला आला. "मला वाटलं, तुम्हा दोघींना बरं वाटेल."

"तुझं काही चुकलं नाही रे राजा," ती म्हणाली, आणि कठडा धरून उतरू लागली.

पुढचे कित्येक दिवस फोन मुका होता. धाकटीनं दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा टिल्लूनं उचलला आणि "आई झोपलीय" असं सांगितलं. भरदुपारी, भरसंध्याकाळी ताई झोपलेली. धाकटी काय समजायचं ते समजली. ताईनं आरडाओरडा केला असता, शिव्या घातल्या असत्या, तर निदान कुठे उभं राहायचं ते कळलं असतं. फिल्म ती रोज लावायची आणि दार उघडायच्या आधी बंद करायची. एकदा मात्र नेटानं शेवटपर्यंत बघितली. बस निघून गेल्यावर टपालपेटीजवळ ताई अजून उभीच होती. बाळाची शाल नीट करत होती. तिथून ती केव्हा गेली ते कॅमेऱ्यानंही टिपलं नव्हतं.

महिना उलटला असेल. एका सकाळी दार वाजलं. बाहेर ताई, एकटी, धापा टाकत. गुडघे बिघडल्यापासून ती हा जिना चढली नव्हती. धाकटीनं धरायला हात पुढे केला. ताईनं तो घेतला नाही, भिंतीला धरून आत आली आणि पहिली दिसली त्या खुर्चीत बसली.

"पाणी देऊ?"

"दे. आणि समोर बस. मी माफ करायला आलेली नाही, तसं मनात आणू नकोस."

"नाही आणत."

ताईनं पाणी संपवलं. "आई गेली तेव्हा तू तिच्यापाशी होतीस, मी नव्हते. मला तू सांगितलंस, शांत गेली, माझं नाव घेतलं, आशीर्वाद दिला. त्यातलं खरं किती?"

धाकटीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नाव घेतलं ते खरं. आशीर्वाद मी लावला."

"मग काय म्हणाली?"

"रोज संध्याकाळी मी कामावरून आले की विचारायची, वाटेत थोरली कुठे दिसली का गं. बाबा बाहेरच्या खोलीत असायचे, म्हणून दबक्या आवाजात."

"आणि तू?"

"नाही म्हणायचे."

"त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीसुद्धा."

ताईनं डोळे मिटले. खाली कुणीतरी स्कूटरला किकमागून किक मारत होतं. ती सुरू झाली आणि दूर गेली.

"पलंग कुठे होता तिचा?" ताईनं डोळे न उघडताच विचारलं.

"आधी मधल्या खोलीत. मग तिनंच खिडकीशी हलवून घेतला. रस्ता दिसतो म्हणाली."

"खायची काय?"

"काही नाही. पेज दोन घास. चमचा मी धरायचे. कधी कधी कंटाळून घाई करायचे, तेही सांगते."

"सांग," ताई म्हणाली. "सगळं सांग. गोड करू नकोस."

धाकटी सांगत गेली. औषधाचा वास, रात्रीच्या चिडचिडी, वडिलांनी एकदा दाराआड उभं राहून डोळे पुसले ते, आईनं जुना फ्रॉक उशीखाली ठेवला होता तो ताईचा की आपला हे तिला कधीच कळलं नाही, तेही. काही ठिकाणी तिची जीभ सवयीनं सुधारून बोलू लागे. मग ती थांबायची आणि तेवढं पुन्हा सांगायची. ताईनं एकदाही "असू दे" म्हटलं नाही.

ऊन खोलीतून सरकून भिंतीवर चढलं तेव्हा ताई खुर्चीचे हात दाबून उठली.

"संपलं?"

"नाही. अजून आहे."

"मग परवा येते," ताई म्हणाली. "टिल्लूला सोडायला सांगेन. आज हट्टानं एकटी आले, गुडघ्यांनी जीव काढला."

जिना उतरताना ती दर पायरीला थांबत होती. धाकटी मागोमाग दारात आली. हात पुढे करावा असं फार वाटलं, पण तिनं केला नाही. ताईची पावलं रस्त्यावर पोचेपर्यंत ती उंबऱ्यात उभी राहिली.